मुळांचे सोबती

शेतातील ज्वारीचे ताट मुळासकट उपटून माती झटकली, तर हातात पांढुरक्या मुळ्यांचा झुबका राहतो. नुसत्या डोळ्यांना त्यात विशेष काही दिसत नाही. परंतु त्याच मुळ्या धुऊन, रसायनात उकळून व निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवल्या, तर त्यांच्या आत बारीक तंतूंचे जाळे पसरलेले आढळते. त्यात कोठे लहान फुगे दिसतात, तर कोठे इवल्याशा झाडासारख्या फांद्या फुटलेल्या आकृती दिसतात. हे तंतू ज्वारीचे नव्हेत. ते एका बुरशीचे होत.

बुरशी म्हटली की शिळी भाकरी, दमट भिंत किंवा पिकावरील रोग आठवतो. ही बुरशी मात्र मुळाची सोबतीण आहे. बुरशी व मूळ यांच्या अशा सहवासाला १८८५ साली फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 'मायकोरायझा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत मायकेस म्हणजे बुरशी व रायझा म्हणजे मूळ. फ्रांकने पाहिली ती अरण्यातील वृक्षांच्या मुळांना बाहेरून वेढणारी बुरशी होती. ज्वारीच्या मुळात शिरणारी तिच्याहून निराळी. आपल्याकडील शेतकरी या दुसरीला 'व्हॅम' या नावाने ओळखतात.

या सोबतीत दोघांचाही लाभ असतो. पिकाला लागणारे स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. मूळ आपल्या लगतचे स्फुरद लवकरच शोषून घेते आणि मग त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरांचा रिकामा पट्टा पडतो. बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही बारीक असल्यामुळे ते हा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर दूर जातात व तेथील स्फुरद मुळापर्यंत आणून पोहोचवतात. त्याच्या मोबदल्यात पानांत तयार झालेली साखर व स्निग्ध पदार्थ त्यांना मिळतात. हा व्यवहार फार पुरातन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळच्या दगडांत सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष सापडले आहेत आणि त्यांतही असे तंतू दिसतात. मात्र प्रत्येक वनस्पती ही मैत्री पत्करतेच असे नाही. मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळाला तिची सहसा गरज वाटत नाही.

अशा उपकारक बुरशीचे नमुने अभ्यासासाठी जपून ठेवावयाचे, तर एक मोठी अडचण येते. भाकरीवरची बुरशी काचेच्या बशीत अन्न घालून वाढवता येते. ही तशी वाढत नाही. तिला जिवंत मूळच हवे. काही थोड्या जाती काचपात्रात गाजराच्या मुळांवर वाढतात खऱ्या, पण तेथेही मूळ आलेच. म्हणून ज्याला ही बुरशी सांभाळावयाची आहे, त्याने आधी माळी व्हावे लागते.

असा एक मोठा संग्रह अमेरिकेत आहे. त्याचे नाव 'इन्व्हॅम'. १९८५ साली फ्लॉरिडा विद्यापीठात नॉर्मन शेंक यांनी त्याचा आरंभ केला. १९९० साली तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला आणि तेथे जोसेफ मॉर्टन यांनी तो दीर्घकाळ वाढवला. निरनिराळ्या खंडांतील मातीतून मिळवलेले नऊशेहून अधिक वाण त्यात आहेत.

तेथील काम मोठ्या चिकाटीचे असते. शेतातून किंवा रानातून आणलेली माती पाण्यात ढवळून एकाखाली एक ठेवलेल्या बारीक चाळण्यांतून ओततात. चाळणीवर बुरशीचे बीजाणू अडकतात. कोणी पिवळे, कोणी तपकिरी, कोणी मोत्यासारखे पांढरे. बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. त्यांतील एकसारखे बीजाणू वेचून ते कोवळ्या रोपांच्या मुळांशी ठेवतात. कुंडीतील वाळू व माती आधीच उष्णतेने निर्जंतुक केलेली असते. रोप बहुधा सुदान गवताचे, म्हणजे आपल्या ज्वारीच्याच भाऊबंदांपैकी. तीन-चार महिन्यांत मुळांबरोबर बुरशीही वाढते. मग पाणी तोडतात, कुंडी सावकाश सुकू देतात आणि वरचे गवत कापून माती, मुळे व बीजाणू सारे एका पिशवीत भरून थंड खोलीत ठेवतात.

तेवढ्याने काम संपत नाही. पिशवीतील बीजाणू निद्रिस्त असले तरी अमर नसतात. काही काळाने ते मरू लागतात. त्याआधी पुन्हा कुंडी, पुन्हा गवत, पुन्हा तीन-चार महिने! शिवाय शेजारच्या कुंडीतून पाण्याचा एक शिंतोडा उडाला किंवा धूळ आली, की परका बीजाणू आत शिरून शुद्ध वाण भेसळ होतो. म्हणून प्रत्येक वाणाची नोंद काटेकोरपणे ठेवावी लागते: तो कोठला, कोणत्या वनस्पतीपाशी सापडला, किती वेळा नव्याने वाढवला.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. शेतातील मातीत सापडणारे बीजाणू पुष्कळदा जीर्ण झालेले, रंग उडालेले असतात. त्यांची जात ओळखावयाची, तर शेजारी ताजा व खात्रीचा नमुना ठेवून पाहावे लागते. पुस्तकातील चित्राने ते काम भागत नाही. संशोधकांना व विद्यार्थ्यांना असे नमुने या संग्रहातून मिळतात आणि बीजाणू ओळखण्याचे शिक्षणही तेथे देण्यात आले आहे. शेतकऱ्याचाही यात संबंध आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या या बुरशीच्या काही पाकिटांत जिवंत बीजाणूच नसल्याचे तपासण्यांत आढळले आहे. खरे काय व खोटे काय, हे ठरवावयास खऱ्याचा नमुना कोठे तरी जिवंत असावा लागतो.

मॉर्टन यांच्यानंतर हा संग्रह कॅन्सस विद्यापीठाकडे गेला. ग्रंथालय हलवावयाचे तर पुस्तके गाडीत भरावी आणि नव्या फळ्यांवर लावावी, एवढेच असते. येथे पिशव्या जागेवर पोहोचल्या, तरी एकेका वाणाचे बीजाणू अजून जिवंत आहेत की नाहीत, हे कुंडीत गवत उगवून त्याची मुळे तपासल्यावाचून कळत नाही.