सहीनंतरचा कायदा

लोकसभेत बहुमत असलेले सरकार आपले विधेयक सहसा मंजूर करून घेते. या पद्धतीची सवय असलेल्या आपल्याला अमेरिकेतील धोरणप्रक्रिया चक्रावून टाकते. तेथे राष्ट्राध्यक्षांची सही झाली, म्हणजे धोरण ठरले असे होत नाही.

बराक ओबामा यांच्या कारकिर्दीतील आरोग्यविमा कायदा पाहा. २४ डिसेंबर २००९ रोजी सिनेटने तो ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत केला. प्रतिनिधिगृहातील कौल निसटता होता : २१९ विरुद्ध २१२. २३ मार्च २०१० रोजी सही झाली. अतिगरीब प्रौढांना राज्यांमार्फत चालणाऱ्या ‘मेडिकेड’ योजनेत घ्यायचे आणि त्यांच्याहून थोडी बरी मिळकत असलेल्यांना विम्यासाठी केंद्राने अनुदान द्यायचे, अशी त्याची रचना होती.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला. पण मेडिकेडचा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियाने विस्तार स्वीकारला, टेक्ससने नाकारला. अनुदान तर सहसा दारिद्र्यरेषेच्या वरच्यांनाच होते. परिणामी टेक्ससमधील अनेक अतिगरीब प्रौढांना ना मेडिकेड मिळाले, ना अनुदान. ज्यांची गरज सर्वांत मोठी, तेच बाहेर राहिले.

२०१७ मध्ये कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. रिपब्लिकन पक्षाच्याच जॉन मॅकेन यांचे विरोधी मत त्यात निर्णायक ठरले. अनेक दारांची ही व्यवस्था नवा कायदा अडवते, तशीच झालेला कायदा पुसणाऱ्यांनाही अडवते. मात्र या अडवणुकीची किंमत कोणी मोजायची, हे पुष्कळदा माणूस कोणत्या राज्यात राहतो यावर ठरते.