पाठीचा कणा मोडल्यावर: खडकीतून दिसणारी उभारी

मुरलीकांत पेटकर हे नाव 'चंदू चॅम्पियन' चित्रपटामुळे 2024 साली घराघरात पोचलं. सांगली जिल्ह्यातला हा तरुण लष्करात बॉक्सर होता. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्याचं कमरेखालचं अंग निकामी झालं. पुढे 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्याने 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं. 2018 साली पद्मश्री मिळाली. आपल्याला एवढं ठाऊक असतं. युद्ध आणि पदक यांच्या मधली सात वर्षं मात्र कुणी विचारत नाही. अशा वर्षांत माणूस पुन्हा कसा उभा राहतो, हा या लेखाचा विषय.

नेमकं काय बिघडतं?

मेंदूचे निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली जातात. तो पाठीत दुखावला तर पाय जातात, मानेत दुखावला तर हातही. पण चालता न येणं हा त्रासाचा फक्त दिसणारा भाग. त्वचेला टोचलेलं कळत नाही आणि लघवी-शौचावरचा ताबा जातो. भेटायला येणारे पायांची चौकशी करतात. घरच्यांची झोप उडते ती या दोन गोष्टींनी.

कातडी आणि मूत्राशय

एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. हेच बेडसोर. दुखतच नसल्याने ती हाडापर्यंत जाईतो पत्ता लागत नाही. म्हणून सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलायचं आणि रात्री आरशात पाठ-कुल्ले तपासायचे. लघवीसाठी दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालायला शिकायचं. लघवी तुंबत राहिली तर मूत्रपिंडं जातात. एकेकाळी अशा रुग्णांचे मृत्यू बहुतेक त्यानेच होत. हे बोलायला लोक लाजतात. पण ज्याला हे जमलं तो चार तास घराबाहेर राहू शकतो, आणि नोकरी, सिनेमा, लग्नकार्य सगळं त्या चार तासांवरच अवलंबून असतं.

पुण्याचा वारसा

अशा माणसांना पुन्हा उभं करण्याच्या बाबतीत पुणं नशीबवान, आणि ते श्रेय लष्कराचं. जायबंदी सैनिकांना हातचं काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासूनची. ती पुण्यातल्या खडकीत आहे. कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं. मणक्याला दुखापत झालेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर खडकीतच 1974 मध्ये उभं राहिलं. तिथे व्यायामाइतकंच खेळाला आणि हातच्या कामाला महत्त्व.

खेळ हा विरंगुळा नव्हे, उपचारच, हा विचार इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयातल्या डॉ. लुडविग गुटमन यांचा. 1948 मध्ये त्यांनी 16 रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तेच. पेटकरांचा पाण्याशी संबंधही उपचारातूनच जुळला.

काम आणि कायदा

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या. किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो; दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र त्यासाठीच. पेटकरांना पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी मिळाली होती. पोटापाण्याची अशी सोय हाताशी असली की माणूस पुढचं बघतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी हीच गोष्ट इतरांसाठी उभी केली. सोळा-सतराव्या वर्षी पाय गेलेल्या या बाईंनी 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन घरच्यांनी आधी वाचावं, पेशंटने मागाहून.

घर

व्हीलचेअर आणण्याआधी टेप घेऊन घर मोजा. उतार एकास बारा हवा. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब रॅम्प. जुन्या वाड्याला उंबरठे नडतात, फ्लॅटला बाथरूमचं दार. बहुतेक घरांत तेच सगळ्यांत अरुंद असतं, आणि खुर्ची नेमकी तिथेच अडते.