रिमोट स्टार्टर : डबा बदलण्याआधी

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत उणे वीस अंशांच्या सकाळी घरात बसूनच बटण दाबून गाडी चालू करता आली, तर तिला कोणी चैन म्हणत नाही. टोरांटो, मिनियापोलिसकडच्या मराठी घरांनाही ही सोय ओळखीची आहे. मजुरी वाचावी म्हणून बरेच जण रिमोट स्टार्टर स्वतःच बसवतात, आणि गाडी चालू झाली नाही की निष्कर्ष ठरलेला : स्टार्टरचा डबा खराब निघाला. मग दुसरा मागवला जातो आणि बहुधा तोही तसाच वागतो. डबे कधीच खराब निघत नाहीत असे कोण म्हणेल? पण हे यंत्र मुळात फार थोडे काम करते. किल्ली फिरवल्यावर ज्या तारांत ज्या क्रमाने वीज जाते, तो क्रम रिलेच्या मदतीने पुन्हा घडवणे आणि गाडीचा संगणक मागेल ती ओळख पटवणे, एवढेच. त्यामुळे गाडी कोणत्या पायरीवर अडली हे पाहिले, तर दोष कुठे शोधायचा ते बरेचसे कळते.

सर्वाधिक फसवणारी पायरी म्हणजे सेल्फ नीट फिरतो, इंजिन पकडते आणि एक-दोन सेकंदांत बंद पडते. संशय जातो पेट्रोलच्या पंपावर, नाहीतर डब्यावर. प्रत्यक्षात गाडीने आपले काम चोख केलेले असू शकते : किल्लीतल्या चिपची ओळख न पटल्यामुळे इमोबिलायझरने इंजिन थांबवलेले असते. काही गाड्या तर सेल्फसुद्धा फिरू देत नाहीत. इथे लागते ते बायपास मॉड्यूल. आणि ते नुसते जोडून भागत नाही, त्या मॉडेलचे व त्या वर्षाचे सॉफ्टवेअर त्यात भरून गाडीच्या मूळ किल्लीने त्याला ओळख शिकवावी लागते. ‘हीच गाडी दुसऱ्याने बायपासशिवाय चालू केली’ हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा असेलच असे नाही. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ या काळातल्या किल्लीने चालू होणाऱ्या कितीतरी गाड्या तिथे इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या, पुढे त्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. तेव्हा नाव तेच, वर्ष तेच, तरी सीमेपलीकडच्या गाडीची जोडणी अलीकडच्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

दुसरा गैरसमज मल्टिमीटरच्या भरवशावर उभा असतो : तारेवर बारा व्होल्ट दिसले, म्हणजे जोड पक्का. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर तगलेली तारसुद्धा त्याला पूर्ण दाब दाखवते. त्याच तारेतून पंधरा-वीस अँपिअर जाऊ लागले की दाब कोसळतो आणि रिले नुसता टकटकतो. म्हणून मोजायचे ते भार असताना. अर्थची तार तपासताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे डब्याच्या अर्थला लावून सेल्फ मारावा, फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला तर स्क्रू रंगावर बसलाय की उघड्या पत्र्यावर, ते आधी बघावे. यावर कोणी म्हणेल, मग टेस्ट लॅम्पच बरा, तो निदान प्रवाह तरी ओढतो. इग्निशन स्विचच्या जाड तारांपुरते हे खरेच आहे; पण तोच दिवा संगणकाच्या बारीक तारेला लावला तर तिथले सर्किट जळू शकते, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातल्या तारांच्या तर वाटेलाही जाऊ नये. बाकी तारांचे रंग हा पुरावा नव्हेच. कंपनीगणिक, कधी वर्षागणिक ते बदलतात.

‘ऑक्टोबरात उत्तम चालला, जानेवारीत बिघडला, थंडीने डबा गेला’ हे निदानही घाईचे आहे. बॅटरीवर छापलेला सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) आकडा उणे १८ अंशांचा असतो : नव्या बॅटरीने तेवढा प्रवाह ३० सेकंद द्यावा आणि दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाऊ नये. जुन्या बॅटरीकडून ही अपेक्षा कशी ठेवायची? त्यात अनेक जण टॅकची (इंजिनचे फेरे कळवणारी) तार जोडण्याचा कंटाळा करून इंजिन लागले की नाही हे बॅटरीच्या दाबावरून ओळखण्याची सेटिंग ठेवतात. उबदार गॅरेजमध्ये ती चालून जाते. कडाक्याच्या थंडीत इंजिन उशिरा पकडते, दाबाची चढउतार वेडीवाकडी होते, आणि डबा सेल्फ एकतर लवकर सोडतो किंवा लागलेल्या इंजिनावर घरघरत ठेवतो. टॅकची तार जोडून इंजिनचे फेरे एकदा शिकवले की हा घोळ बहुतेक वेळा मिटतो.

काही ‘बिघाड’ तर मुद्दाम ठेवलेले असतात. बॉनेटचा स्विच गंजला वा दबला गेला नाही की डबा गप्प बसतो. तो स्विच तोडून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण बॉनेटखाली हात घातलेल्या माणसाची बोटे त्याच्यामुळेच वाचतात. किल्ली न लावता ब्रेक दाबताच इंजिन बंद पडणे हीसुद्धा चोरासाठीची तजवीज आहे : आधी किल्ली ‘ऑन’वर, मग ब्रेक.

वॉरंटीचा बागुलबुवा अमेरिकेत तरी १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने बराच निकामी केला आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, बिघाड त्याच भागामुळे झाला हे तिला दाखवावे लागते. अर्थात चिकटपट्टी गुंडाळलेल्या सैल जोडामुळे वायरिंग जळाले, तर ते दाखवायला तिला फारसे कष्ट पडणार नाहीत.