हजेरीपटातला पाऊस

पावसाळ्यातला आमच्या शाळेचा हजेरीपट वाचला की हिंदमाताला पाणी कधी भरलं ते कळतं. परळला मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. पाणी भरलं त्या दिवशी लालबाग-भोईवाड्याकडची मुलं येत नाहीत. मग आठ-दहा दिवसांनी तापाच्या गैरहजेऱ्या सुरू होतात. हवामानबदल माझ्या वर्गात येतो तो असा.

हिंदमाता हा दादर-परळमधला बशीसारखा खोलगट भाग. बेटांमधली खाजणं भरून ही मुंबई उभी राहिली. तिची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था बांधली गेली तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असेल तर. भरतीला समुद्र पाणी घेत नाही. आणि अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे पाऊस थोड्या तासांत धो धो कोसळतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच आला, ७५ वर्षांत सर्वांत लवकर. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या झेवियर मैदानाखाली टाक्या बांधल्यात, त्यांचा उपयोगही होतो. तरी २६ मेला हिंदमाता तुंबलंच.

मोठ्या माणसाच्या पोटरीपर्यंतचं पाणी दुसरीतल्या पोराच्या मांडीला लागतं. उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोचे जंतू खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात, आणि या वयात गुडघे फुटलेले नाहीत असं मूल दाखवा मला! उन्हाचंही तेच. मुलांना घाम कमी येतो, अंग लवकर तापतं. चाळीत वरच्या मजल्यावर पत्र्याखाली झोपणाऱ्या मुलाला रात्रीही गारवा मिळत नाही. सकाळी पहिल्याच तासाला ते पेंगतं. त्याला आळशी म्हणू नये, एवढं तरी आम्ही शिक्षकांनी शिकायला हवं.

डेंग्यूचं मुलांना फार नीट समजतं. चाळीत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून दारोदारी पिंपं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे पाणी ओतून भागत नाही, पिंप आतून घासावं लागतं. उष्मा वाढला की डासाच्या अंगातला विषाणूही लवकर तयार होतो. आमची सातवीची मुलं शनिवारी गॅलरीतून फिरत झाकणं उचलून बघतात. माझं न ऐकणाऱ्या आज्या नातवाचं ऐकतात.

तरुणांनी याहून मोठी कामंही केलीत. दादरच्या मल्हार कळंबेने २०१७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, दादर चौपाटीवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. ‘बीच प्लीज’ ही चळवळ त्यातूनच वाढली. या कचऱ्यातलं प्लास्टिकच आपली गटारं तुंबवतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेच्या जंगलात मेट्रो कारशेडसाठी रात्री झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा एका कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पत्राचीच सर्वोच्च न्यायालयाने याचिका करून घेतली आणि ७ तारखेला तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती, याचं दुःख मला आजही आहे.

पण निस्तरण्याचं ओझं मुलांवर टाकून आपण मोकळं होऊ नये. पर्यावरणाच्या निर्णयांत मुलांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला. वॉर्डात त्याची कामं ठरताना मुलांना बोलवावं, कारण कुठल्या कोपऱ्यात आधी पाणी साचतं हे रोज चालत येणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. माझ्या वर्गाने मागण्या लिहून काढल्यात: पत्र्यांना पांढरा रंग, शाळेच्या फाटकापुढचं गटार जूनच्या आधी साफ, आणि पावसाची सुट्टी पहाटे सहाच्या आत जाहीर, कारण सातच्या शाळेची मुलं त्यानंतर घरातून निघालेली असतात.