राखेतले काळे मणी

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्रात कोळशाची पूड जळते आणि मागे राख उरते. चिमूटभर राख कागदावर घ्या, खालून लोहचुंबक फिरवा. लहानपणी वाळूत फिरवायचो, अगदी तसा. बारीक काळे कण चुंबकामागे धावू लागतात! सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले कितीतरी चक्क गोल मणी दिसतात. कोळशातली लोहखनिजं भट्टीत वितळली, उडता उडता त्यांचे थेंब झाले आणि थेंब तसेच थिजले. त्यांना चुंबकाकडे ओढतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं काळं संयुग.

हेच मॅग्नेटाइट करायला प्रयोगशाळेत भट्टीही लागत नाही. लोखंडाचे दोन प्रकारचे क्षार पाण्यात विरघळवायचे आणि अमोनिया थेंबथेंब सोडायचा. बघता बघता पाणी काळंभोर! यातला कण साधारण 10 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजारो ओळीने मावतील. आणि खरं नवल पुढेच आहे. इतका लहान झालेला कण चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबक असतो. चुंबक दूर नेला, की सारं विसरतो! नेहमीच्या उष्णतेची थरथरच त्याचं चुंबकत्व सतत इकडून तिकडे उलटवत राहते.

या विसराळूपणाचा उपयोग काय? पॅलॅडियम घ्या. कार्बनला कार्बन जोडून देणारा हा उत्प्रेरक. अशा जोडण्यांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 चं नोबेल मिळालं. कित्येक औषधं याच वाटेने बनतात. पण धातू महागडा, आणि काम झालं तरी तो द्रावणातच विरघळलेला. वरणात पडलेलं मीठ परत कसं काढायचं?

त्याला बांधून ठेवायचं! दोरी मिळते कोळंबीच्या टरफलातून. तिचं नाव कायटोसन. या लांबलचक साखळीवर ठिकठिकाणी नायट्रोजन असतो आणि तो धातूला धरून ठेवतो. आपल्या खानदेशी कापसाचा धागा तर जवळपास 90 टक्के सेल्युलोज. तोही असा आधार होऊ शकतो. कायटोसन मात्र सौम्य आम्लात विरघळतं, म्हणून आधी त्याच्या साखळ्या एकमेकींना टाके घालून पक्क्या कराव्या लागतात.

आता मॅग्नेटाइटवर कायटोसनचं वेष्टण, वेष्टणात पॅलॅडियम. अभिक्रिया संपली, की काचपात्राला बाहेरून चुंबक लावायचा. आतला काळा ढग सरकत सरकत भिंतीला चिकटतो आणि द्रव नितळ होतो. गाळणी नको, गाळायचा कागद नको. द्रव ओतून घ्या, कण धुवा, नवा कच्चा माल घाला. थोडा थोडा धातू दर खेपेला निसटतो, त्यामुळे हे कायम चालत नाही. पण तेच कण पुन्हा पुन्हा राबतात. चुंबक बाजूला केला, जरा ढवळलं, की भिंतीवरचा काळा थर सुटतो आणि पात्रभर पसरतो.