गावी जमीन, मालक परगावी

विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली; माण-खटावची मुंबईला गेली. जमीन मात्र गावीच. अशा मालकांना ‘विकायची आहे का?’ असं टपालाने विचारायचं, तर गुंतवणूकदाराला ग्राहक-नोंदींचं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. नाव, गट नंबर, पत्ता, पिनकोड एकदा भरला की पत्र आणि पाकिटावरचा पत्ता आपोआप तयार होतो. उत्तर आलं नाही, तर ठरल्या दिवशी स्मरणपत्र निघतं. परत आलेलं पाकीट मात्र कुणीतरी हाताने नोंदवावंच लागतं.

खरी मेहनत यादीची. सातबाऱ्यावर खातेदारांची नावं असतात, टपालाचा पत्ता नसतो. शिवाय वारस अनेक. भावाला पत्र गेलं आणि बहिणीला नाही, तर व्यवहाराआधीच घरात संशय शिरतो. म्हणून नोंद गटागणिक ठेवावी आणि सगळे हिस्सेदार तिला जोडावेत; माझ्या मते यात कसूर नकोच. १९४८ च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपण शेतकरी आहोत की नाही, हे पत्रातच लिहावं. कुणी ‘नको’ कळवलं, तर त्या नावाची पत्रं त्याच दिवशी थांबवावीत.