पाडव्याला नऊवारी नेसूनच निघा

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी गिरगाव, ठाणे, डोंबिवलीचे रस्ते नऊवारीने भरून जातात. डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा निघाली, मग ती प्रथा गावोगावी गेली आणि आजीच्या ट्रंकेतलं लुगडं नातीच्या अंगावर आलं. ही फार आनंदाची गोष्ट आहे. मात्र आता यात्रेतल्या कितीतरी नऊवाऱ्या शिवलेल्या असतात. निऱ्या शिंप्याने कायमच्या बसवलेल्या, काष्टाही शिवलेला, पायजम्यासारखी चढवली की झालं. घाईत सोय होते, पण नऊवारीचं खरं कसब नेसण्यात आहे.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना नाडी लागते, ना परकर. साडी मागून कमरेभोवती घेऊन, आखूड टोक हाताशी ठेवून पुढे घट्ट गाठ मारायची. सगळा भार या गाठीवर असतो, त्यामुळे ती सैल राहिली तर पुढचं काहीच बसत नाही. लांब टोकाचा पदर अंगाभोवती फिरवून डाव्या खांद्यावर जातो. मधल्या कापडाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या आणि त्यांचा मधला काठ पायांमधून मागे ओढून कमरेला खोचायचा. हाच काष्टा. तो किती ओढायचा, हे नेसणारी ठरवते. घरंदाज नेसणीत काठ घोट्यापर्यंत उतरतो. शेतात किंवा पाण्यात काम करणारीचा काष्टा गुडघ्याशी येतो आणि कोळणींची नेसण तर त्याहून आटोपशीर. पुढचा ओचा नुसता शोभेचा नव्हता, बायका त्यात फुलंही वेचायच्या आणि शेंगाही.

पाय मोकळे राहतात, म्हणून याच वस्त्रात रोपं लावली गेली, घोडदौड झाली आणि आज मोटारसायकलवरून यात्राही निघते. शिवलेल्या नऊवारीत मापं ठरून जातात. बाळंतपणानंतर कंबर बदलली की ती अडगळीत पडते. नेसायची साडी मात्र सासूची सुनेला, बहिणीची बहिणीला सहज होते, आणि अगदी विरली तरी तिची गोधडी होते.

कापडाचंही सांगायला हवं. पाडव्याला उन्हं तापलेली असतात. दोन-तीन तास चालायचं तर भरजरी पैठणीपेक्षा सुती इरकल कितीतरी सुखाची. इरकल येते कर्नाटकातल्या इळकलहून. तिचं अंग वेगळ्या उभ्या धाग्यांचं आणि पदर लाल रेशमाचा. विणकर अंगाचे आणि पदराचे धागे एकेक करून एकमेकांत फासाने अडकवतात, म्हणून पदर सुरू होतो तिथे जोड दिसतो, टाका नाही. पदरावरच्या पांढऱ्या टोकदार नक्षीला टोपी-तेनी म्हणतात. घेताना साडी उलटून हा जोड बोटाने चाचपून पाहा. छापील नक्कल असेल तर तिथेच कळते.

चोळीचा खण इळकलच्याच बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक बुट्टी, चोळीपुरतं कापड. आपल्या दारातल्या गुढीलाही आपण खणच नेसवतो, किंवा कोरी साडी. मराठी सणाचं हे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखातल्या मागांवर विणलं गेलं, याची जाणीव ठेवून दुकानात विणकराच्या गावाचं नाव विचारावं. यंत्रमागावरचा खण स्वस्त मिळतो, पण हातमागाच्या खणाचा पोत आणि चमक त्याला येत नाही.

पुरुषांच्या धोतरालाही काष्टाच असतो, आणि तेही आता शिवलेलं मिळतं. त्याचीही नेसण विसरली जाऊ नये.

पहिल्यांदा नेसणार असाल तर कोऱ्या कडक साडीवर शिकू नका. दोनदा धुतलेलं मऊ सुती लुगडं घ्या, घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या बाईला समोर बसवा आणि पाडव्याआधीच्या रविवारी ते नेसून जिना चढून-उतरून पाहा. गाठ सुटली तर पुन्हा मारा. हात बसला की दहा मिनिटांत नेसून होतं.